तीन फोलेटांची जागा: डीएनएच्या चतुष्फलकातून पेशीत औषध नेण्याच्या एका प्रयोगाचा अभ्यास

२०१२ साली ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात पाच पानांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे सर्वांना परिचित असलेली एमआयटी, या संस्थेतील डॅनिएल अँडरसन यांच्या गटाचे हे काम होते. ह्युकजिन ली हे पहिले लेखक होते. सहलेखकांत रॉबर्ट लँगर होते, आणि ॲल्नायलम या औषधकंपनीतील मुथय्या मनोहरन यांच्यासारखे रसायनशास्त्रज्ञही होते. डीएनएचे धागे आपोआप जुळून त्यांचा एक नेमका आकार तयार होतो, त्या आकाराला औषधाचे रेणू जोडता येतात आणि ते उंदराच्या शरीरातील कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोहोचवून तिथले एक जनुक गप्प करता येते, हे या निबंधाने दाखवले. डीएनए नॅनोरचनांविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि त्यातला मोठा भाग भविष्याबद्दलचा असतो. हे प्रकरण मी निवडले ते त्यात एक प्रश्न अगदी नेमकेपणाने विचारला गेला म्हणून. औषधाच्या कणावर पेशीला ओळखणाऱ्या खुणा किती असाव्यात आणि त्या नेमक्या कुठे असाव्यात, हा तो प्रश्न. डीएनएखेरीज दुसऱ्या कोणत्याही वाहकाला तो इतक्या स्पष्टपणे विचारता आला नसता, असे माझे मत आहे.

आधी औषधाविषयी. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ साली सूत्रकृमीवर प्रयोग करून दाखवून दिले की, दुपदरी आरएनए पेशीत गेल्यास त्याच्या क्रमाशी जुळणारे जनुक निष्क्रिय होते. या प्रक्रियेला आरएनए हस्तक्षेप म्हणतात, आणि या शोधाबद्दल त्यांना २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सस्तन प्राण्यांच्या पेशींत हे काम आरएनएचे सुमारे २१ न्यूक्लिओटाइडांचे, म्हणजे साखळीतल्या तेवढ्या कड्यांचे, आखूड दुपदरी तुकडे करतात. त्यांना एसआयआरएनए म्हणतात. पेशीच्या द्रवात पोहोचलेला असा तुकडा तिथल्या प्रथिनसमूहात जाऊन बसतो, त्याचा एक पदर टाकून दिला जातो आणि उरलेल्या पदराच्या आधाराने तो समूह जुळणारा संदेशवाहक आरएनए, म्हणजे जनुकाची सूचना वाहून नेणारा रेणू, शोधून कापत राहतो. एक रेणू एकामागून एक अनेक संदेश नष्ट करू शकतो. त्यामुळे पेशीत थोडेसे औषध पोहोचले तरी पुरते.

मात्र ते थोडेसे पोहोचणेच अवघड असते. एसआयआरएनएचे वजन सुमारे १३ हजार डाल्टन असते आणि त्याच्या अंगावर ऋणभारांची दाटी असते, तर पेशीचे आवरण मेदाचे असते. ते या रेणूला आत येऊ देत नाही. रक्तात सोडला तर न्यूक्लिएज विकरे त्याचे तुकडे करतात, आणि त्यांच्या तावडीतून सुटलेला रेणू इतका लहान असतो की मूत्रपिंड त्याला काही मिनिटांत गाळून टाकते. नोबेलनंतर या क्षेत्रात आलेला पैसा याच अडचणीवर येऊन थांबला. रॉश या मोठ्या कंपनीने २०१० साली आरएनए हस्तक्षेपाच्या संशोधनातून अंग काढून घेतले. अँडरसन यांच्या गटाचे काम सुरू होते ते याच मंदीच्या काळात.

त्या वेळी सर्वांत पुढे असलेला मार्ग मेदाच्या कणांचा होता. असे कण बरेच औषध वाहून नेतात, पण ते सगळे एकसारखे होत नाहीत. आकारात फरक राहतो, आणि बाहेरून जोडलेल्या खुणांची संख्या आपल्याला सरासरीनेच सांगता येते. समजा, प्रत्येक कणावर सरासरी तीन खुणा आहेत आणि त्या यदृच्छेने बसल्या आहेत. संख्याशास्त्राच्या साध्या हिशेबाने त्यातल्या सुमारे २२ टक्के कणांवरच नेमक्या तीन खुणा असतील, सुमारे ५ टक्के कणांवर एकही नसेल, आणि उरलेल्यांवर एक, दोन, चार, सहा अशी कितीही असतील. अशा मिश्रणाचा पेशीवर परिणाम दिसला तर तो कोणत्या कणांमुळे दिसला, हे सांगता येत नाही. शिवाय तीन खुणा असलेल्या कणावरही त्या एकमेकींपासून किती अंतरावर आहेत, हे कोणालाच ठाऊक नसते.

डीएनएचा उपयोग इथे सुरू होतो. डीएनएच्या चार अक्षरांपैकी (आधारांपैकी) अ समोर ट आणि ग समोर क या जोडीच्या नियमामुळे धाग्यांचे क्रम आपण ठरवले की कोणता धागा कुठे जुळेल, हेही ठरून जाते. नेड्रियन सीमन यांनी १९८२ साली ही कल्पना कागदावर मांडली आणि १९९१ साली त्यांच्या प्रयोगशाळेत डीएनएचा घन तयार झाला. पण घनाच्या चौकटी लवचीक असतात. छपराच्या कैचीत त्रिकोण का घालतात हे सुताराला वेगळे सांगावे लागत नाही. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोणाच्या बाजू पक्क्या असतील तर तो हलत नाही. चतुष्फलकाला चार त्रिकोणी पृष्ठे आणि सहा कडा असतात, आणि म्हणून तो ताठ उभा राहतो. ऑक्सफर्डमधील अँड्र्यू टर्बरफील्ड यांच्या गटाने डीएनएचे असे चतुष्फलक एकाच टप्प्यात, चांगल्या प्रमाणात आणि काही सेकंदांत तयार होते, हे २००५ च्या सुमारास दाखवले होते. पॉल रोथेमुंड यांची २००६ मधली ओरिगामीची, म्हणजे एका लांब धाग्याला आखूड धाग्यांनी घड्या घालण्याची पद्धत याहून कितीतरी गुंतागुंतीचे आकार देते, परंतु तिला सात हजारांहून अधिक न्यूक्लिओटाइडांचा लांब धागा आणि दोनशेच्या आसपास आखूड धागे लागतात. ली आणि सहकाऱ्यांनी तो मोह टाळला. औषध म्हणून तपासायच्या वस्तूत जितके कमी भाग तितका तिचा दर्जा राखणे सोपे, हा विचार मला त्या निवडीमागे दिसतो आणि तो योग्य होता.

त्यांच्या रचनेचा गाभा सहा डीएनए धाग्यांचा होता. प्रत्येक कड ३० आधारजोड्यांची, म्हणजे सुमारे १० नॅनोमीटर लांब. प्रत्येक कडेच्या मध्यावर एक सुटे टोक बाहेर काढलेले होते आणि त्या टोकाशी जुळणारा क्रम एसआयआरएनएच्या एका पदराला जोडलेला होता. त्यामुळे एका कडेवर एक, असे बरोबर सहा औषधरेणू एका कणावर बसत. हे सर्व धागे ठरलेल्या प्रमाणात एकत्र करून तापवायचे आणि थंड होऊ द्यायचे, एवढीच जुळणीची कृती होती. मोजणीत कणाचा द्रवातील व्यास २८.६ नॅनोमीटर आला. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहज निसटेल इतका हा कण लहान नाही आणि यकृत व प्लीहेतील भक्षकपेशींच्या नजरेत लगेच भरेल इतका मोठाही नाही. एसआयआरएनएच्या शर्करांवर मिथाइल गट जोडून त्याला विकरांपासून संरक्षण दिले होते. गाभ्याचे डीएनए मात्र साधेच होते.

पेशीने कण ओळखावा यासाठी त्यांनी निरनिराळ्या खुणा तपासल्या. त्यात काही पेप्टाइड (प्रथिनांचे आखूड तुकडे) होते आणि फोलेटही होते. फोलेट म्हणजे गरोदर स्त्रियांना ज्याच्या गोळ्या देतात तेच ब-९ जीवनसत्त्व. अनेक कर्करोगपेशींच्या पृष्ठावर त्याचे ग्राही, म्हणजे त्याला पकडणारी प्रथिने, मोठ्या संख्येने असतात. फोलेट ग्राहीला चिकटले की पेशीचे आवरण आत वळते आणि दोघांना पोटात घेते. तपासलेल्या खुणांत फोलेट उजवे ठरले. यापुढचा प्रयोग या प्रकरणाचा गाभा आहे.

चतुष्फलकाच्या सहाही एसआयआरएनएंना स्वतंत्र पत्ता असल्यामुळे कोणत्या कडेवर फोलेट लावायचे आणि कोणती मोकळी ठेवायची, हे संशोधकांच्या हाती होते. त्यांनी फोलेटांची संख्या एकेकाने वाढवत नेली. एका किंवा दोन फोलेटांनी जनुक पुरेसे गप्प होत नव्हते. किमान तीन लागत होते. पण केवळ तीनही पुरत नव्हते, आणि ती तीन कोणत्या कडांवर आहेत यावर सगळे अवलंबून होते. सहा कडांतून तीन निवडण्याचे वीस प्रकार होतात. त्यातल्या चार प्रकारांत तिन्ही कडा एका पृष्ठाला वेढतात, चार प्रकारांत त्या एका शिरोबिंदूत मिळतात आणि बारा प्रकारांत त्यांची नागमोडी साखळी होते. कणाचे वजन, औषधाची मात्रा, फोलेटांची संख्या, सगळे तेच ठेवून फक्त जागा बदलली की परिणाम बदलत होता. खुणा योग्य मांडणीत, एकमेकींच्या पुरेशा जवळ असतील तेव्हाच जनुक गप्प होत होते.

हा निष्कर्ष मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ त्यावर थांबलो होतो, आणि आजही मला त्याचे मोल कमी झालेले वाटत नाही. औषधशास्त्रात मात्रा आणि परिणाम यांचा आलेख काढण्याची सवय सगळ्यांना असते. इथे मात्रा स्थिर आहे आणि भूमिती बदलते आहे. पेशीच्या पृष्ठावरील ग्राही विखुरलेले आणि हलते असतात. तीन फोलेट एका बाजूला जवळजवळ असतील तर ते शेजारचे ग्राही एकाच वेळी धरू शकतात, आणि विरुद्ध दिशांना तोंडे असतील तर एका वेळी त्यातले एखादेच उपयोगी पडते. अनेक हातांनी धरलेला कण सहज सुटत नाही, आणि ग्राही एकत्र गोळा झाले की पेशी आपला वागण्याचा मार्गही बदलू शकते. हे स्पष्टीकरण माझ्या मते सर्वांत सयुक्तिक आहे, जरी दुसरी स्पष्टीकरणे त्यामुळे बाद होत नाहीत.

पेशींवरचे प्रयोग हेला या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशींवर झाले आणि उंदरांमधील गाठी केबी नावाच्या पेशींच्या होत्या. केबी पेशी तोंडाच्या कर्करोगापासून आल्या असे दीर्घकाळ मानले जाई. पुढे तपासणीत त्याही मुळात हेलाच असल्याचे निघाले. फोलेट ग्राहींची विपुलता हा केबीचा गुण खरा आहे, त्यामुळे प्रयोग चुकीचा ठरत नाही. पण दोन नावांमुळे दोन वेगळ्या कर्करोगांत पडताळा झाला असा समज वाचकाने करून घेऊ नये.

उंदरांमध्ये त्या गाठींत चमक देणारे ल्युसिफरेज हे प्रथिन तयार होत होते आणि एसआयआरएनए त्याच्याच जनुकावर रोखलेले होते. फोलेटयुक्त कण दिल्यावर गाठीतील ल्युसिफरेजचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. रक्तातील अर्धायुष्यकाळ सुट्या एसआयआरएनएसाठी सुमारे ६ मिनिटे होता, तो कणासाठी सुमारे २४.२ मिनिटे झाला. चौपट वाढ म्हटली की ती मोठी वाटते. तिचा अर्थ असा की, कणांची संख्या निम्म्यावर येते तेव्हा सुट्या रेणूंपैकी जेमतेम ६ टक्के रक्तात शिल्लक असतील. पण हाच हिशेब पुढे नेला तर दोन तासांनंतर कणांपैकीही फक्त ३ टक्के उरतात. गाठीच्या गळक्या रक्तवाहिन्यांतून झिरपून आत साचायला औषधाला अनेक तास मिळावे लागतात, हे लक्षात घेतले तर २४ मिनिटे अपुरी आहेत. माझ्या दृष्टीने या रचनेची सर्वांत मोठी उणीव हीच आहे, आणि निबंधाचे कौतुक करणाऱ्या लेखनात तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. शिवाय मूत्रपिंडाच्या नलिकांमध्ये फोलेटचे ग्राही मुळातच भरपूर असतात, कारण गाळलेले जीवनसत्त्व परत शोषून घेणे हे तिथल्या पेशींचे काम आहे. गाठीसाठी लावलेली खूण निरोगी अवयवालाही तितकीच ओळखीची वाटते.

पेशीने कण आत घेतल्यानंतरही औषध आपल्या ठिकाणी पोहोचलेले नसते. ते एंडोसोम नावाच्या पिशवीत असते. ही पिशवी हळूहळू आम्लधर्मी होत जाते आणि शेवटी लायसोसोममध्ये तिच्यातील ऐवज पचवला जातो. एसआयआरएनएचे काम पिशवीबाहेरच्या द्रवात आहे, म्हणून पचन होण्यापूर्वी त्याने पिशवीचे आवरण ओलांडायला हवे. मेदाच्या कणांत यासाठी खास मेद असतात, जे आम्लात धनभारित होऊन पिशवीचे आवरण फोडतात, आणि तरीही २०१३ साली मरिनो झेरिअल यांच्या गटाने मोजले तेव्हा त्यांतील फक्त १ ते २ टक्के एसआयआरएनए बाहेर पडत असल्याचे दिसले. चतुष्फलकात असा कोणताही फोडणारा घटक नाही. तरी जनुक गप्प झाले, म्हणजे काही रेणू नक्की बाहेर आले. फोलेटांच्या मांडणीने परिणाम ठरत होता, यावरून मला असे वाटते की मांडणीचा प्रभाव केवळ कण पेशीत शिरण्यावर नसून, आत गेल्यावर तो कोणत्या वाटेने नेला जातो यावरही असावा.

याच पिशवीच्या आतली आम्लता मोजण्याचे काम डीएनएच्याच यंत्राने भारतात झाले, हे इथे नोंदवायला हवे. बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमध्ये यमुना कृष्णन यांच्या गटाने २००९ साली आम्लतेनुसार घडी घालणारे आणि उलगडणारे एक डीएनए-यंत्र जिवंत पेशींच्या एंडोसोममध्ये पाठवून तिथला बदलता सामू टिपला. पुढे त्या शिकागो विद्यापीठात गेल्या. औषध वाहून नेणे हा त्यांच्या कामाचा मूळ हेतू नव्हता. परंतु डीएनएची रचना एंडोसोममध्ये काही काळ शाबूत राहते आणि तिथे काम करते, याचा सर्वांत पक्का पुरावा त्यांच्याकडून आला.

शाबूत राहण्याचा हा मुद्दा पुढे वादाचा झाला. नॅनोरचनेला चमकणारा रंग जोडायचा, पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची आणि चमक दिसली की रचना आत पोहोचली असे म्हणायचे, ही या क्षेत्रातली प्रचलित रीत होती. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातील हनादी स्लीमन यांच्या गटाने २०१९ साली दाखवले की डीएनए बाहेरच तुटते, रंगाचा सुटा तुकडा पेशी आत घेते आणि चमक हुबेहूब तशीच दिसते. या इशाऱ्यानंतर अनेक जुन्या निबंधांकडे पुन्हा संशयाने पाहावे लागते. ली यांच्या निबंधाची बाजू इथे भक्कम राहते, कारण त्यांचा अंतिम पुरावा रंगाचा नव्हता, जनुक गप्प होण्याचा होता. तुटलेल्या रंगाच्या तुकड्याने ल्युसिफरेज कमी होत नाही.

शरीराच्या प्रतिकारसंस्थेविषयी थोडक्यात. मिथाइल नसलेले क-ग क्रम हे जिवाणूंच्या डीएनएचे लक्षण असते, आणि ते ओळखणारा टीएलआर-९ हा पहारेकरी नेमका एंडोसोममध्ये बसलेला असतो. म्हणजे वाहक उतरतो त्याच ठिकाणी धोक्याची घंटा आहे. उंदरांमध्ये या कणांमुळे लक्षणीय प्रतिक्रिया उमटली नाही, ही दिलासा देणारी गोष्ट होती. मात्र वारंवार मात्रा देण्याचा प्रसंग आला तर धाग्यांचे क्रम निवडताना ही काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी लागेल.

आता या कामाचे पुढे काय झाले ते पाहू. डीएनए नॅनोरचनेवर आधारलेले एकही औषध आजवर रुग्णांसाठी मंजूर झालेले नाही. एसआयआरएनएची औषधे मात्र आली. ॲल्नायलमचे पॅटिसिरान २०१८ साली मंजूर झाले. त्याचा वाहक मेदाचा कण आहे. २०१९ साली गिवोसिरान आले आणि त्याला कोणताही कण लागला नाही. एसआयआरएनएच्या टोकाला गॅलएनएसी या शर्करेचे तीन रेणू असलेली एक फांदी थेट जोडलेली आहे आणि ती यकृतपेशीवरील ग्राहीला घट्ट चिकटते. कोलेस्टेरॉल कमी करणारे इन्क्लिसिरानही याच पद्धतीचे आहे आणि सुरुवातीच्या मात्रांनंतर त्याची वर्षाला दोन इंजेक्शने पुरतात.

इथेही शर्करा तीनच आहेत, आणि त्या ठराविक अंतरावरच असाव्या लागतात. यकृतपेशीचा हा ग्राही एका शर्करेला अगदी सैल धरतो, पण योग्य अंतरावरच्या तीन शर्करांना हजारो पटींनी घट्ट धरतो, हे शर्करारसायनशास्त्रज्ञांना १९८० च्या दशकापासून माहीत होते. त्यामुळे चतुष्फलकाच्या प्रयोगातून गॅलएनएसीची वाट सापडली असे म्हणणे खोटे ठरेल. दोन्ही कामे एकाच नियमाच्या दोन टोकांवर उभी आहेत, आणि त्यांतल्या साध्या रेणूने शर्यत जिंकली. जे तीन खुणांच्या एका लहान फांदीने साधते त्यासाठी सहा धागे आणि सहा औषधरेणू अशा बारा भागांचे चतुष्फलक जुळवण्याचे कारण उरत नाही. प्रत्येक धागा रासायनिक पद्धतीने तयार करून शुद्ध करावा लागतो आणि त्या प्रत्येकाची गुणवत्ता सिद्ध करावी लागते, हा खर्चही विसरता येत नाही. हेन्ड्रिक डिट्झ यांच्या म्युनिक येथील गटाने २०१७ साली जिवाणूभक्षी विषाणूंच्या साहाय्याने सगळे धागे एकत्रच मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची पद्धत दिली आहे, पण तिने गुंतागुंत कमी होत नाही, फक्त किंमत उतरते.

तरीही गॅलएनएसीचे यश यकृतापुरते आहे. यकृतपेशींवर त्या ग्राहीची संख्या प्रचंड असते, तो पुन्हा पुन्हा आतबाहेर करतो, आणि यकृताच्या रक्तवाहिन्यांना मुळातच झरोके असतात. गाठीतील पेशींना यातले काहीही मिळालेले नाही. तिथे कोणत्या ग्राहीसाठी किती खुणा आणि किती अंतरावर, हे प्रत्येक वेळी नव्याने शोधावे लागणार आहे, आणि ते शोधण्याचे मोजमापाचे साधन म्हणून चतुष्फलकाइतके अचूक दुसरे काही माझ्या माहितीत नाही.

या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे मी ठेवीन तो प्रयोग असा आहे. तीन फोलेटांच्या वीसही मांडण्या तयार कराव्यात. गाभ्याच्या डीएनएलाही औषधासारखेच रासायनिक संरक्षण द्यावे किंवा विल्यम शी यांच्या हार्वर्डमधील गटाने २०१७ साली वापरले तसे ऑलिगोलायसिन व पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे वेष्टन चढवावे. मात्र वेष्टनामुळे फोलेट झाकले जात नाही याची आधी खात्री करावी. मग प्रत्येक मांडणीसाठी तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्यात: पेशीने किती कण घेतले, त्यांतील किती एसआयआरएनए प्रत्यक्ष कापणाऱ्या प्रथिनसमूहात जाऊन बसले, आणि जनुकाचे काम किती घटले. पहिली संख्या सगळ्या मांडण्यांत सारखी आणि दुसरी वेगळी आली, तर मांडणीचा प्रभाव पेशीच्या आतल्या वाटेवर आहे असे ठरेल. पहिलीच वेगळी आली, तर तो पेशीच्या दाराशी आहे.